रात्रपाळी आणि मुलाखत



माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी इंग्लंडांत असते. लहानपणापासून ती तिकडेच वाढली, तेथल्याच विद्यापीठाची जीवशास्त्राची पदवी तिनें घेतली, आणि आतां डॉक्टर व्हावें असें तिच्या मनानें घेतलें आहे. वडिलांवर भार नको म्हणून ती एका रुग्णालयांत परिचारिकांच्या हाताखालीं मदतनिसाचें काम करते. रात्रींच्या तासांना वेतनाचा दर अधिक, म्हणून तिनें रात्रपाळी पत्करली आहे. संध्याकाळीं साडेसातास कामावर जावें आणि सकाळीं आठाच्या सुमारास सुटावें, असा तिचा क्रम. गेल्या हिवाळ्यांत तिला वैद्यकीय विद्यालयांकडून मुलाखतीचीं बोलावणीं आलीं, तेव्हां तिनें दूरध्वनीवरून मला एकच प्रश्न केला : “आजोबा, कामावरून आल्यावर मी झोंपूं कीं अभ्यास करूं?”

परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणारीं मुलें मीं शाळेंत पुष्कळ पाहिलीं. परंतु जागरण हेंच जिचें पोटापाण्याचें काम, तिला काय सांगावें हें मला चटकन सुचेना. मग या विषयावर जें मिळालें तें मीं वाचून काढलें. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवतों. आपल्यापैकीं अनेकांच्या घरचीं मुलें परदेशीं आहेत; आणि रात्रीं काम करून दिवसा एखाद्या मोठ्या परीक्षेची तयारी करणारे आपल्या गांवांतही थोडे नाहींत.

प्रथम ही मुलाखत म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या लेखी परीक्षेच्या गुणांवर ठरतो. उमेदवार बोलतो कसा, वागतो कसा, हें कोणी पाहत नाहीं. पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हा याला अपवाद. तेथें ‘नीट’च्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांची मुलाखतही होते. ब्रिटनमध्यें मात्र मुलाखत हा प्रवेशाचा नेहमींचा भाग आहे. तेथें ‘यूकॅस’ नांवाच्या एका मध्यवर्ती कचेरीमार्फत अर्ज करावा लागतो. वैद्यकाच्या अर्जाची मुदत इतर बहुतेक विषयांच्या आधीं, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावरच संपते, आणि एका वर्षीं जास्तींत जास्त चार वैद्यकीय विद्यालयांकडे अर्ज करतां येतो. मागील परीक्षांचे गुण आणि ‘यूकॅट’ नांवाची बुद्धीची परीक्षा यांवरून चाळणी होते. आणि त्या चाळणींतून जे उरतात त्यांना साधारणतः हिवाळ्यांत मुलाखतीस बोलावतात. म्हणजे सर्वांत लांब रात्रींचे जे महिने, त्याच महिन्यांत रात्रपाळीच्या उमेदवाराला स्वतःची परीक्षा द्यावयाची असते.

जुनी पद्धत अशी कीं, दोनतीन परीक्षकांनीं मेजापलीकडे बसावें आणि उमेदवारास वीसतीस मिनिटें प्रश्न विचारावेत. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें या जातीच्या, विषयाच्या विचारावर भर देणाऱ्या मुलाखती अद्याप होतात. पण या पद्धतींत एक उणीव आहे. आपल्यांत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतींत ती खरी. कारण एका भांड्यांतल्या सर्व शितांना पाणी तेंच आणि आंच तीच. माणसाचें तसें नसतें. एका प्रश्नाला सुरेख उत्तर देणारा मनुष्य दुसऱ्या प्रसंगीं पार गोंधळतो; आणि परीक्षकाची एकदां मर्जी बसली कीं पुढचीं सारीं उत्तरें त्याला गोडच लागतात. हें ओळखून कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाच्या केव्हिन ईव्हा, हॅरल्ड रायटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक नवी पद्धत बसविली आणि २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. तिचें मूळ, स्कॉटलंडमधील डंडी येथें रोनाल्ड हार्डन यांनीं १९७५ सालीं मांडलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेंत आहे. या नव्या पद्धतींत दहा ठिकाणें असतात आणि प्रत्येक ठिकाणीं निराळा परीक्षक. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो. दोन मिनिटांत तो वाचावयाचा, आठ मिनिटें आंत जाऊन बोलावयाचें, घंटा झाली कीं पुढचें दार. एका शिताऐवजीं दहा शितें, आणि तींही भांड्याच्या दहा कोपऱ्यांतून काढलेलीं! ब्रिटनमधील पुष्कळ विद्यालयांनीं हीच पद्धत उचलली आहे. ठिकाणांची संख्या आणि मिनिटें मात्र जागोजागीं निराळीं असतात.

या दारांआड काय विचारतात? शरीरशास्त्राची माहिती क्वचितच. एका ठिकाणीं खुर्चीवर एक नट बसलेला असतो आणि दुःखी नातेवाइकाचें सोंग घेऊन रडत असतो. त्याच्याशीं आपण कसें बोलतों तें पाहतात. दुसऱ्या ठिकाणीं विचारतात, रुग्ण उपचार नको म्हणतो आणि त्याच्या मुलाला तर ते हवे आहेत, आपण काय कराल? तिसऱ्या ठिकाणीं, आपल्या हातून झालेली एखादी चूक सांगा. आणि कोठें ना कोठें तो जुना प्रश्न येतोच : डॉक्टर कां व्हावयाचें?

हा प्रश्न आपल्या एका मुलीला फार पूर्वीं विचारला गेला होता. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हां बंगालमधील श्रीरामपूर येथें लोकांनीं त्यांच्यावर शंकांचा भडिमार केला. तेथील महाविद्यालयाच्या सभागृहांत उभें राहून त्यांनीं एकेक प्रश्न घेतला आणि त्याचें उत्तर दिलें. त्या वेळीं त्यांचें वय अठराच्या आसपास होतें. आपलें तान्हें मूल दहा दिवसांतच गेल्याचें दुःख त्यांनीं चौदाव्या वर्षीं सोसलें होतें. उत्तरांना वजन येतें तें अशा ठिकाणाहून. १८८६ सालीं त्या फिलाडेल्फियाच्या विद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडल्या.

सांगावयाचें तें हें कीं, या मुलाखतींत पाठांतराला किंमत फार थोडी, आणि पाहिलेल्या व सोसलेल्या गोष्टींवर केलेल्या विचाराला फार मोठी. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे रात्रपाळी ही अडचण आहे कीं भांडवल, हा प्रश्न नव्यानें विचारावा लागतो.

एक प्रसंग कल्पनेनें घेऊं. पहाटेचे तीन वाजले आहेत. स्मृतिभ्रंश झालेली एक वृद्ध बाई खाटेवरून उतरूं पाहते आणि म्हणते, मला घरीं जाऊं द्या, माझे यजमान वाट पाहत असतील. यजमान जाऊन कित्येक वर्षें झालेलीं. मदतनीस मुलीनें काय करावें? ‘ते वारले’ असें सांगावें, तर बाईला तें दुःख आज प्रथमच झाल्यासारखें होईल. ‘ते बाहेर बसले आहेत’ म्हणावें, तर तें असत्य. ती मुलगी शेजारीं बसते, बाईंचा हात हातांत घेते, आणि विचारते, यजमान काय काम करीत असत? बाई सांगूं लागतात. इतक्यांत मुलगी परिचारिकेला खुणेनें बोलावते. कारण रात्रीं एकाएकीं वाढलेला गोंधळ हें एखाद्या नव्या आजाराचेंही चिन्ह असूं शकतें, आणि त्याचा निर्णय करणें मदतनिसाचें काम नव्हे.

या पंधरा मिनिटांत मुलाखतींतल्या निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. दुःखी माणसाशीं बोलणें, सत्य आणि दया यांचा मेळ घालणें, आपल्या अधिकाराची सीमा ओळखणें, योग्य माणसाला योग्य वेळीं कळविणें; हें सारें तेथें आहे. पुस्तकें वाचून आलेल्या उमेदवाराला हें बनवून सांगावें लागतें. रात्रपाळीच्या उमेदवारानें तें पाहिलेलें असतें. पण एक अट आहे. नुसतें पाहून भागत नाहीं, त्यावर विचार झाला पाहिजे. बारा तासांच्या धांवपळींत असे प्रसंग येतात आणि सकाळपर्यंत पुसून जातात.

म्हणून पहिली सूचना अशी कीं, एक लहानशी वही ठेवावी आणि सुटण्यापूर्वीं किंवा घरीं येतांच तींत पांच ओळी लिहाव्या. काय घडलें, मीं काय केलें, मला काय वाटलें, मला काय कळलें नाहीं, आणि पुन्हां तसेंच घडल्यास मी काय निराळें करीन. दहा मिनिटांहून अधिक वेळ त्यावर घालवूं नये. वहींत रुग्णाचें नांव, खाटेचा क्रमांक किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण असूं नये. आणि मुलाखतींतही ती सांगूं नये. गुप्तता राखणें हा वैद्यकाचा धर्म आहे, आणि जो प्रवेशापूर्वींच तो मोडतो त्याला प्रवेश कोण देणार? तसेंच स्वतःचें काम फुगवून सांगूं नये. ‘मीं रुग्णाला वांचविलें’ यापेक्षां ‘मीं परिचारिकेला बोलाविलें’ हें उत्तर अनुभवी परीक्षकास अधिक खरें वाटतें, आणि तें खरें असतेंही.

आतां झोंपेकडे वळूं. आपल्या मेंदूंत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या जवळ, पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. तो शरीराचें घड्याळ चालवितो आणि उजेडावरून आपली वेळ लावून घेतो. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा फळमाशीवरील प्रयोगांतून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ नोकरीचें वेळापत्रक जाणत नाहीं. पहाटे चारपांचच्या सुमारास तें शरीराचें तपमान सर्वांत खालीं आणतें. मन त्या वेळीं सर्वांत मंद असतें. उलट सकाळीं कामावरून परततांना तोंडावर ऊन पडलें कीं घड्याळ म्हणतें, दिवस उजाडला, ऊठ! म्हणून दिवसाची झोंप रात्रींच्या झोंपेहून तोकडी आणि तुटक होते. हा आळस नव्हे. हा शरीराचा धर्म आहे.

या झोंपेंतून अभ्यासासाठीं आणखी तास कापले तर काय होतें? १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील ड्रू डॉसन व कॅथरिन रीड या संशोधकांनीं याचें एक परखड माप दिलें. सलग १७ तास जागलेल्या माणसांची हातांच्या कामांतील चपळाई त्यांनीं मद्य घेतलेल्या माणसांशीं ताडून पाहिली. ती १०० मिलिलिटर रक्तांत ५० मिलिग्रॅम मद्य असतांना जितकी उतरते तितकी उतरली होती. २४ तासांच्या जागरणानंतर ती सुमारें १०० मिलिग्रॅमच्या पातळीस पोंचली. आपल्या मोटार वाहन कायद्यानें गाडी हांकणाऱ्यास मुभा आहे ती फक्त ३० मिलिग्रॅमची! आतां हिशेब करा. दुपारीं दोनला उठून रात्रीं कामावर गेलेली मुलगी सकाळीं सातलाच १७ तासांचा टप्पा गांठते. घरीं येऊन ती दुपारीं बारापर्यंत पुस्तक घेऊन बसली, तर २२ तास होतात. अशा मनानें केलेलें वाचन म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें. आणि पुढच्या रात्रीं तीच मुलगी रुग्णांच्या सेवेला उभी राहणार. तिची डुलकी तिच्या एकटीची राहत नाहीं. ज्याला उठून बसण्यास तिच्या हाताचा आधार हवा, त्याला तिचें मोल द्यावें लागतें.

झोंपेचें दुसरेंही एक काम आहे. १९२४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेन्किन्स व डालेनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरें पाठ करावयास लावलीं. पाठांतरानंतर झोंप मिळाली तर विस्मरण कमी, आणि जागेपण गेलें तर अधिक, असें त्यांना आढळलें. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या विषयावर पुष्कळ काम झालें आणि झोंप स्मरण पक्कें करते ही गोष्ट मान्य झाली. म्हणजे झोंप ही अभ्यासाची सवत नव्हे, ती अभ्यासाचा शेवटचा पाठ आहे.

म्हणून दुसरी सूचना ही कीं, कामावरून आल्यावर आधीं झोंपावें. खोली काळोखी व थंड असावी, दूरध्वनी मुका करावा, आणि घरच्यांनीं त्या वेळेला मध्यरात्रीचा मान द्यावा. दुपारीं बाराला आपण जसें कोणाच्याही दारावर थाप मारतों, तशी मध्यरात्रीं बाराला मारतों काय? कॉफीतील कॅफीन निम्म्यावर येण्यास साधारणतः पांच तास लागतात. पहाटे चारला घेतलेल्या पेल्यांतला अर्धा भाग सकाळीं नऊला शरीरांतच असतो. तेव्हां कॉफी घ्यावयाची ती रात्रीच्या पूर्वार्धांत. विश्रांतीच्या वेळांत वीस मिनिटांची डुलकी हितकर ठरते. मात्र उठल्यावर मन ताळ्यावर येण्यास थोडा अवधी द्यावा. आणि डोळे मिटत असतां स्वतः गाडी चालवून घरीं येऊं नये.

मग अभ्यास केव्हां? झोंप झाल्यावर, कामाला जाण्यापूर्वींचा पाऊण तास. तेवढा पुरतो, जर तो मोठ्यानें बोलण्यांत गेला तर. मुलाखत ही बोलण्याची परीक्षा आहे, आणि डोळ्यांनीं वाचून तोंड तयार होत नाहीं. रोज एक प्रश्न घ्यावा, दोन मिनिटें विचार करावा, घड्याळ लावून पांच मिनिटें बोलावें. समोर कोणी माणूस असल्यास उत्तम. आई चालेल, मित्र चालेल. आणि ऐकणारानें शेवटीं इतकेंच सांगावें कीं कोठें समजलें नाहीं. नीतिप्रश्नांसाठीं चार कसोट्या ध्यानांत ठेवाव्या. टॉम ब्युचॅम्प व जेम्स चिल्ड्रेस यांनीं १९७९ सालीं त्या ग्रंथरूपानें मांडल्या : रुग्णाचा स्वतःपुरता निर्णय मानणें, त्याचें हित करणें, त्याला इजा न करणें, आणि सर्वांशीं न्यायानें वागणें. यांचीं नांवें घोकून कांहीं साधत नाहीं. आपल्या वहींतला एखादा प्रसंग या चार बाजूंनीं पाहतां आला पाहिजे.

तिसरी सूचना तारखेची. बोलावणें येतांच त्याच दिवशीं वरिष्ठांना लेखी कळवून रजा मागावी. रुग्णालयाचें वेळापत्रक आठवडेच्या आठवडे आधीं लागत असतें. समजा, शुक्रवार, शनिवार व रविवार अशा तीन रात्री काम आहे आणि मुलाखत गुरुवारीं आहे. सोमवारीं सकाळीं घरीं आल्यावर दोनतीन तासच झोंपावें, दुपारीं उठून उजेडांत फिरावें, आणि रात्रीं नेहमींच्या माणसांबरोबर अंथरुणावर पडावें. मंगळवारीं शरीर रुळूं द्यावें. बुधवारीं, ज्या घटकेस मुलाखत आहे त्याच घटकेस, एकदां रंगीत तालीम करावी. कामावरून सुटून थेट मुलाखतीच्या दारांत उभें राहण्याचें साहस कोणी करूं नये. तसा प्रसंग टळत नसेल तर विद्यालयाला आधींच नम्रपणें लिहून दुसरी वेळ मागावी. मागण्यांत कमीपणा नाहीं. ब्रिटनमध्यें १९९८ च्या कामाच्या वेळांविषयींच्या नियमांनीं रात्रपाळीच्या कामगाराला मोफत आरोग्यतपासणीचा हक्क दिला आहे, आणि साधारणतः दोन पाळ्यांमध्यें सलग ११ तासांची विश्रांतीही दिली आहे. आपले हक्क ठाऊक असणें हाही तयारीचाच भाग होय.

एक प्रश्न या मुलाखतींसाठीं फार साजेसा आहे : रात्रीं कामावर असतां आपला सहकारी पेंगत आहे असें दिसलें, तर काय कराल? घोकलेलें उत्तर असें येतें कीं, लगेच वरिष्ठांना कळवीन. रात्रपाळी केलेला उमेदवार थोडा थांबतो. तो म्हणतो, प्रथम रुग्ण सुरक्षित आहेत ना तें पाहीन. मग त्याला उठवून, काय झालें तें विचारीन, कारण मीही त्या खुर्चीवर बसलों आहें. आणि तो काम करण्याच्या स्थितींत नसेल तर परिचारिकेला सांगीन, कारण माझी दया रुग्णाच्या जिवावर होतां कामा नये. परंतु हें उत्तर ज्याच्या तोंडून यावयाचें, त्यानें स्वतःच्या झोंपेलाही तोच न्याय लावलेला असला पाहिजे. आपल्या थकव्याविषयीं जो स्वतःशीं खोटें बोलतो, तो दुसऱ्याच्या थकव्याविषयीं खरें काय बोलणार?

त्या मुलीला मीं हेंच सांगितलें : बाळ, आधीं झोंप, मग बोल, आणि रोज पांच ओळी लिही. तिनें तसें केलें. तिच्या निकालाविषयीं आपणांस उत्सुकता असेल. दोन विद्यालयांनीं तिला मुलाखतीस बोलावलें होतें. एकानें नकार दिला, दुसऱ्यानें प्रतीक्षेच्या यादींत ठेवलें, आणि ती यादी तिच्यापर्यंत पोंचली नाहीं. वैद्यकाच्या जागा मोजक्या आणि उमेदवार फार, त्यामुळें पुष्कळ लायक मुलें पहिल्या वर्षीं अशीच राहतात. या वर्षीं ती पुन्हां अर्ज करीत आहे. काम तेंच आहे, रात्रपाळीही तीच आहे. पण वहीची ही तिसरी खेप सुरू झाली आहे. परवां तिनें मला सांगितलें, “आजोबा, पूर्वीं मी रात्र संपण्याची वाट पाहत असें. आतां सकाळीं घरीं येतांना वाटतें, आज काय लिहूं?”

विद्यालयाचें दार तिच्यासाठीं केव्हां उघडेल हें तिच्या हातीं नाहीं. दुपारीं पडदा ओढून निजणें आणि उठल्यावर कालच्या रात्रीचा नीट विचार करणें, एवढें मात्र पुरतें तिच्या हातीं आहे. आपल्या घरांत असें रात्रीं राबणारें कोणी असेल, तर उद्यां दुपारीं त्याच्या खोलीवरून जातांना आपण पाऊल हलकें टाकावें, एवढीच माझी विनंती.